वाचक विचारतात : रेडिओ क्लबची जेट्टी कुणाची?

मागच्या अंकात गेटवेजवळ, कुलाब्यातल्या रेडिओ क्लबसमोर होणाऱ्या नव्या जेट्टीवर मी ओझरत्या दोन ओळी लिहिल्या आणि या महिन्याची निम्मी टपाल त्यावरच आली. काही पत्रं प्रेमळ, काही ‘बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?’ असं थेट विचारणारी. म्हणून हा अंक सगळा पाण्याकाठचा. नव्या वाचकांसाठी सांगते, मी स्थापत्य अभियंता. नोकरी धक्के, पाइल (पाण्याखाली तळात रोवायचे खांब) आणि गाळ यांतच झाली. माहेर पलीकडे अलिबागच्या बाजूला सासवण्याचं, त्यामुळे लाँचने ये-जा शाळेत असल्यापासूनची. तेव्हा मी तटस्थ वगैरे आहे असं कुणी समजू नये.

प्रश्न : माझं सासर अलिबागजवळ चोंढीला. रेडिओ क्लबसमोरच्या जेट्टीवरून आमच्या घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, कुलाब्यातल्या श्रीमंतांना खिडकीतून समुद्र दिसायचा बंद होईल म्हणून ही सगळी ओरड. सासरे म्हणतात, तिथे बड्या लोकांच्या बोटी लागणार, आपल्याला कोण विचारतंय? खरं कुणाचं?
– एक वाचक, दादर

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं. पण लाँचने जाणाऱ्या माणसाबद्दल दोघांपैकी कुणीच बोलत नाहीये, आणि तो माणूस तर तुमच्याच घरात आहे.

प्रकरण आधी थोडक्यात. गेटवेपासून हाकेच्या अंतरावर, अपोलो बंदरच्या कठड्यालगत, महाराष्ट्र सागरी मंडळ प्रवासी जेट्टी आणि टर्मिनल बांधतंय. खर्च 229 कोटी. पाइलवर उभा केलेला पूल पाण्यात शिरतो आणि टोकाला रुंद फलाट येतो. नकाशात ते टेनिसच्या रॅकेटसारखं दिसतं. आराखड्यात प्रतीक्षालय, तिकीट खिडक्या, व्हीआयपी कक्ष, 150 गाड्यांचं पार्किंग, खाण्यापिण्याची सोय आणि चक्क एक ॲम्फिथिएटर, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं खुलं प्रेक्षागृह. मार्च 2025 मध्ये भूमिपूजन झालं. आम्हाला कुणी विचारलं नाही, रस्ता अरुंद आहे, वारसा परिसर आहे, असं म्हणत रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठाने 15 जुलै 2025 रोजी प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला, पण अटी घालून. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रहिवाशांचं अपील फेटाळलं. म्हणजे ‘व्हावी की नाही’ हा वाद कोर्टापुरता संपला. कशी व्हावी, हा अजून शिल्लक आहे.

आता लाँचचं. गेटवेच्या जुन्या धक्क्यांवरून वर्षाला 30 लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. अलिबागच्या बाजूच्या मांडव्याची, घारापुरी बेटाची, शिवाय नुसताच बंदरात फेरफटका मारायला आलेली. हे धक्के म्हणजे दगडी पायऱ्या. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, जवळपास दीड मजला. भरतीला लाँच वरच्या पायरीशी येते आणि माणूस ऐटीत उतरतो. ओहोटीला तीच लाँच खाली खोल जाते, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या, शेवाळलेल्या. त्यात धक्क्याला जागा कमी, म्हणून लाँचला लाँच लावून उभ्या करतात. तुमची लाँच तिसरी असेल तर आधी दुसरीच्या काठावर पाय, मग तिच्या बाकांमधून वाट काढत पहिलीवर, मग पायरीवर. दोन लाँचच्या मध्ये टायर लटकवलेले असतात. लाट आली की ते दबतात, लाट गेली की फट उघडते. फट उघडायच्या क्षणी खलाशी ओरडतो, ‘थांबा थांबा... आता या!’ आणि दंडाला धरून ओढतो. त्या पोरांचं मला कायम कौतुक वाटतं. पण साठीपुढच्या, गुडघे दुखणाऱ्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवंड असलेल्या बाईने रोज एका खलाशाच्या दंडावर विसंबून शहरात पाऊल ठेवायचं, ही देशाच्या आर्थिक राजधानीची व्यवस्था आहे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने तर यायचंच नाही.

यावरचा इलाज धक्क्यांच्या धंद्यात जुना आहे. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता फलाट आणि त्यावर उतरणारा बिजागरीचा पूल. लाँच आणि फलाट एकाच पातळीवर राहतात, बदलतो तो फक्त पुलाचा उतार. नव्या जेट्टीचं मूल्यमापन करायचं तर मी सगळ्यात आधी हेच बघेन. टर्मिनलची काच किती चकचकीत आहे ते नंतर.

त्यामुळे नवी जेट्टी हवी की नको, यावर माझं मत लपवण्यात अर्थ नाही. हवी. फार पूर्वीच व्हायला हवी होती. बरेच जण डिसेंबर 2024 च्या ‘नीलकमल’ दुर्घटनेचा दाखला देतात. इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या त्या लाँचवर आदळली आणि 15 जीव गेले. तो अपघात भर बंदरात झाला, धक्क्यावर नाही. जेट्टी चांगली असती म्हणून तो टळला नसता. मात्र त्या लाँचवर क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, आणि किती माणसं चढली हे नीट मोजायला धड फाटक असलेला धक्का लागतो. पायऱ्यांवरच्या रेटारेटीत कोण मोजणार?

आता तुमच्या यजमानांकडे येते. कुलाबकरांची ओरड नुसत्या खिडकीसाठी होती, हे म्हणणं मला पटत नाही. एकदा शनिवारी संध्याकाळी ताजच्या मागून रेडिओ क्लबपर्यंत चालत जाऊन बघा. एका बाजूला समुद्राचा कठडा, दुसऱ्या बाजूला जुन्या इमारती, मध्ये एवढासा रस्ता आणि त्यावर टॅक्स्या, घोडागाड्यांच्या जागी आलेल्या त्या रोषणाईच्या विजेवरच्या बग्ग्या, भेळवाले, सेल्फीवाले. 26 नोव्हेंबर 2008 नंतर पोलिसांचे अडथळे आले ते आलेच. अशा ठिकाणी 150 गाड्यांचं पार्किंग म्हणजे त्या गाड्या याच गल्लीतून येणार आणि याच गल्लीतून जाणार. हा प्रश्न श्रीमंताने विचारला म्हणून खोटा ठरत नाही.

शिवाय त्यांच्या भांडणाचा फायदा सगळ्यांना झाला आहे. ॲम्फिथिएटर हे लाँचची वाट बघणाऱ्या प्रवाशांनी बसण्यापुरतंच वापरायचं, तिथे करमणुकीचे कार्यक्रम करायचे नाहीत. उपाहारगृहात पाणी आणि पाकीटबंद खाद्यपदार्थच मिळतील, बसून जेवणावळी नाहीत. आणि जुने धक्के नौदलाच्या सूचनेनुसार टप्प्याटप्प्याने बंद करायचे, अशा अटी न्यायालयाने घातल्या. कुणी कोर्टात गेलंच नसतं तर काही वर्षांत तिथे लग्नाचे स्वागत समारंभ लागले असते, हे मी सरकारी धक्क्यांच्या अनुभवावरून सांगते. (माझ्या कारकिर्दीत मासळी उतरवायला बांधलेल्या एका धक्क्यावर मी गणपतीच्या मंडपाचे बांबू साठवलेले बघितलेत. बारा महिने.)

कुलाबकरांचं चुकलं ते ‘इथून हलवा’ म्हणण्यात. त्यांनी सुचवलेली जागा म्हणजे बंदराचा माझगावकडचा भाग, भाऊच्या धक्क्याच्या बाजूला. तिथून लाँच आजही सुटतात, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मोऱ्याची, रेवसची. पण भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसाला जवळचं स्टेशन गाठायला टॅक्सी तरी करावी लागते, नाहीतर मालमोटारींच्या रांगेतून धूळ खात चालावं लागतं. गेटवेला उतरलेला माणूस फोर्टात, कोर्टात, मंत्रालयात पायी जातो. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली, आणि हुतात्मा चौकाचं स्टेशन गेटवेपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. प्रवासी जेट्टी शहराच्या पोटाशी हवी, त्याला इलाज नाही.

आणि आता मामंजी. त्यांच्या शंकेला मी सगळ्यात जास्त गुण देते. लाँचचा प्रवासी गाडी घेऊन येत नाही. तो बसने येतो, चालत येतो, फार तर शेअर टॅक्सीने. मग 150 गाड्या कुणाच्या? याचं उत्तर आराखड्यातच दिसतं. मांडवा, आवास, किहीम, सासवणे या पट्ट्यात मुंबईकरांचे जे बंगले उठलेत, त्यांचे मालक स्पीडबोटीने ये-जा करतात. त्यांनाही उतरायला जागा हवी, त्याला माझी हरकत नाही, तेही नागरिकच. पण शुक्रवारी संध्याकाळी पाच ते आठ या वेळात फलाटाची कुठली बाजू कुणाला मिळते, इथे खरी मेख आहे. लाँचला पुलाजवळची जागा आणि स्पीडबोटींना टोकाची, की उलट? आत पोचायला टोकापर्यंतची चाल लांब आहे, तेव्हा हा फरक लहान नाही. बर्थचं, म्हणजे बोट लावायच्या जागांचं वेळापत्रक ठरताना लाँचमालक तिथे असतील, बंगलेवाल्यांचे बोटमालक असतील. नुसतं तिकीट काढून जाणारा कुणीही नसेल.

तेव्हा घरात तट पाडण्यापेक्षा दोघांनी मिळून सागरी मंडळाला एक पत्र लिहावं. तरंगते फलाट किती, त्यातले साध्या लाँचसाठी राखीव किती, जेट्टीच्या दारापर्यंत बेस्टची बस येणार का, टर्मिनल वापरायचं शुल्क तिकिटावर चढणार का, आणि जुने धक्के बंद होताना मधल्या काळात लाँच कुठे लागणार. या पाच प्रश्नांची लेखी उत्तरं मागा. माहितीच्या अधिकारात मागितली तर तीस दिवसांत द्यावी लागतात.

प्रश्न : मांडव्याला गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यावर या जुनाट लाकडी लाँच हव्यातच कशाला?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रो-रो भाऊच्या धक्क्याहून सुटते, गेटवेहून नाही. 2020 पासून आहे, पावसाळ्यातही बव्हंशी चालते, मोठी आहे, हलत नाही, सगळं खरं. गाडी न्यायची असेल तर तिला तोड नाही. पण फेऱ्या मोजक्या, आणि वर म्हटलं तसं भाऊच्या धक्क्यापर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न उरतोच. गेटवेच्या लाँच जून ते ऑगस्ट बंद असतात, कारण नैऋत्येच्या वाऱ्यात त्या आकाराची बोट बंदराच्या तोंडाशी चालवणं धोक्याचं. उरलेल्या नऊ महिन्यांत मात्र अलिबागचा भाजीवाला, कोर्टाची तारीख असलेला माणूस, कॉलेजची मुलं याच लाँचने येतात. आणि लाँच सगळ्याच लाकडी राहिलेल्या नाहीत हो.

प्रश्न : गेटवेची 1924 ची एवढी सुंदर कमान, समोर अथांग पाणी. तिच्या शेजारी काँक्रीटचा फलाट म्हणजे वारशाची विटंबनाच नव्हे का? एक इतिहासप्रेमी म्हणून मला फार यातना होतात.
– एक वाचक, पुणे

उत्तर : यातना कमी व्हाव्यात म्हणून थोडा इतिहासच सांगते. त्या जागी आधी कोळ्यांचा एक साधा धक्का होता, मग तो सुधारून गव्हर्नरसाहेबांना उतरायला वापरला गेला. 2 डिसेंबर 1911 रोजी पंचम जॉर्ज आणि मेरी राणी तिथे उतरले तेव्हा कमान नव्हतीच. स्वागताला पुठ्ठ्याची तात्पुरती कमान होती. मार्च 1913 मध्ये पायाभरणी झाली, वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडा 1914 मध्ये मंजूर झाला, समुद्रात भर घालून जमीन तयार केली आणि डिसेंबर 1924 मध्ये उद्घाटन. म्हणजे ही वास्तू उतरण्याच्या जागेवर, उतरण्याच्या निमित्ताने आणि समुद्र हटवून उभी राहिली. फेब्रुवारी 1948 मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण गेली तीही तिथूनच, बोटीने. त्या कमानीला बोटींचं वावडं नाही.

उलट माझा अंदाज असा आहे की जुने धक्के खरोखर बंद झाले तर कमानीभोवतीचा गोंधळ कमी होईल. आज कमानीसमोर उभं राहिलं की पाण्यापेक्षा लाँचची छपरं आणि ताडपत्र्याच जास्त दिसतात. पण या ‘तर’वर सगळं अवलंबून आहे. नवीन झालं आणि जुनंही चालूच राहिलं, असं आपल्याकडे होऊ शकतं. तुमचा वारशाचा आग्रह तिथे खर्च करा. कठडा फोडून प्रवेशद्वार होणार आहे, त्याचा दगड जुन्याशी जुळतो का, तेही बघा. मुंबईच्या वारसा समितीने परवानगी दिली म्हणजे राखण संपली, असं नसतं.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी, राहते माझगावला. मुंबई बंदरात शेकडो यॉटची, म्हणजे हौशी खासगी बोटींची, मरीना (त्या लावून ठेवायचा तळ) होणार असं वाचलं. माझ्या वर्गातले सगळे खूश आहेत. आमच्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर आहे, पण तो मला गच्चीवर गेल्याशिवाय दिसत नाही. मरीनामुळे दिसेल का?
– एक वाचक, माझगाव

उत्तर : मुली, प्रश्न फार चांगला विचारलास. वर्गातल्यांनाही हाच विचार.

मुंबई बंदर प्राधिकरणाने 2025 च्या शेवटी ज्या मरीनाच्या निविदा मागवल्या, तिचा जाहीर झालेला खर्च सुमारे 887 कोटी. साधारण 12 हेक्टर पाणी, 424 यॉट, 30 मीटर लांबीपर्यंतच्या. यातले जवळपास 470 कोटी प्राधिकरण पाण्यातल्या मूळ बांधकामावर घालणार आणि उरलेले 417 कोटी खासगी चालक किनाऱ्यावरच्या सोयींवर. भागाकार कर. एका यॉटमागे दोन कोटींच्या वर खर्च, त्यातला एक कोटी दहा लाखांचा वाटा सार्वजनिक संस्थेचा. किनाऱ्यावरच्या सोयी सगळ्यांसाठी असतील तर हा हिशेब थोडा बदलतो, हे मान्य. पण ‘सगळ्यांसाठी’ म्हणजे काय, ते करारात लिहून घ्यावं लागतं.

मी मरीनाच्या विरोधात नाही. आज मुंबईतल्या खासगी बोटी गेटवे आणि रेडिओ क्लबसमोरच्या पाण्यात नांगरून ठेवलेल्या असतात. मालक छोट्या होडीतून तिथवर जातो. इंधन भरायची, गोडं पाणी घ्यायची, संडासाची टाकी रिकामी करायची धड सोय नाही. टाकी कुठे रिकामी होत असेल, ते तूच ओळख. चांगल्या मरीनात हे सगळं नळाने होतं. तेवढ्या बोटी आत गेल्या तर गेटवेसमोरचं पाणी लाँचसाठी मोकळं होईल, हाही फायदाच.

माझी चिंता गाळाची. मुंबई बंदराचं पाणी बारमाही मातकट. खाड्यांमधून आलेला चिखल त्यात तरंगत असतो. वाहत्या पाण्यात तो तरंगतो, पाणी थांबलं की खाली बसतो. आणि मरीना म्हणजे काय, तर लाटरोधक बांधून मुद्दाम थांबवलेलं पाणी. यॉटला शांतता हवी, शांततेत गाळ बसतो, गाळ बसला की यॉट टेकते. मग गाळ काढा, पुन्हा काढा, दर वर्षी काढा. इंग्रजांनी प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक बांधले तेव्हा पाण्याला दरवाजे लावले होते; आतली पातळीही राखली जायची आणि बाहेरचा चिखलही बराच बाहेर राहायचा. जुन्या गोदीतच मरीना करायची कल्पना अधूनमधून डोकं वर काढते, त्यात मला तरी तथ्य वाटतं. मोकळ्या बंदरात बांधणार असाल तर गाळ काढायचा वार्षिक खर्च कुणाच्या माथी, चालकाच्या की प्राधिकरणाच्या, हा निविदेतला सगळ्यात महागडा मजकूर आहे आणि तो कुठल्याही चकचकीत चित्रफितीत दिसत नाही. कोचीच्या बोळगट्टीला 2010 मध्ये देशातली पहिली आंतरराष्ट्रीय दर्जाची मरीना म्हणून जी झाली, ती तीस-पस्तीस बोटींची आहे. आपण थेट 424 वर निघालो आहोत.

आता तुझा समुद्र. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पूर्वेचा किनारा दीडशे वर्षं बंदराच्या भिंतीआड आहे. गोदामं, रूळ, तेलाच्या टाक्या. पश्चिमेला मरीन ड्राइव्ह सगळ्यांचा, पूर्वेला फाटकावर पास मागतात. मालवाहतूक पलीकडे न्हावा-शेव्याला गेल्यावर ही भिंत हळूहळू खाली यायला हवी होती. बॅलार्ड पियरला क्रूझ टर्मिनल झालं, तिथे समुद्र दिसतो, पण तिकीट असेल तर. मरीनाही तशीच होऊ शकते: काठाने फिरायची वाट आहे, पण ती क्लबहाउसच्या आतून जाते.

तुझ्या प्रबंधाला विषय हवा असेल तर नकाशावर मरीनाचा काठ घे आणि तुझ्या घरापासून तिथपर्यंतची पायवाट आख. किती ठिकाणी फाटक लागतं, किती ठिकाणी रूळ ओलांडावे लागतात, कुठे पदपथ संपतो. निविदा मागवणाऱ्यांनी हे रेखाटन केलं असेल तर मला आनंदाचा धक्का बसेल.

प्रश्न : आम्ही रायगडातल्या एका खाडीवरचे कोळी. गावात चर्चा आहे की खाडीच्या तोंडाशी पर्यटनाची जेट्टी येणार, पुढे बोटींचा तळही. पंच म्हणतात, जनसुनावणी होईल तेव्हा बघू. सुनावणीत काय बोलायचं, ते सांगाल का? आमच्यात बारावीपुढे शिकलेले थोडे आहेत.
– एक वाचक, ता. अलिबाग

उत्तर : दादा, शिक्षणाची काळजी करू नका. खाडीचा तळ कुठे किती आहे, हे तुमची होडी हाकणाऱ्या तांडेलाला जितकं ठाऊक आहे तितकं सल्लागार कंपनीच्या अहवालात क्वचित असतं.

मात्र ‘होईल तेव्हा बघू’ हे चुकीचं. जनसुनावणी सगळ्याच प्रकल्पांना लागत नाही. लहान जेट्टी असेल तर किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीवरही काम भागतं, आणि गावाला कळतं ते पाइलचं यंत्र आल्यावर. तेव्हा आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, प्रस्ताव कुणाचा, कुठल्या परवानगीखाली, आणि सुनावणी होणार का.

सुनावणी होणार असेल तर नियम 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत आहेत. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना, एक राष्ट्रीय आणि एक स्थानिक भाषेतलं. अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असायला हवा, आणि मसुदा जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद यांच्या कार्यालयांत वाचायला ठेवायला हवा. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. गणपूर्तीची अट नाही. म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. बहिष्कार घालायचा विचार कुणी मांडला तर त्याला हे वाचून दाखवा.

बोलायचं काय? ‘आमचा विरोध आहे’ हे एकदा म्हणा आणि पुढे मोजमापावर या. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे 1:4000 या प्रमाणात असतात. त्यावर तुमचा कोळीवाडा, होड्या ओढायची जागा, मासळी वाळत घालायच्या ओट्या, जाळी विणायची जागा दाखवली आहे का, ते आधी बघा. बऱ्याच गावांत ती दाखवलेलीच नाही, आणि जी जागा नकाशात नाही तिच्यावर बाधा येते असं अहवाल म्हणतच नाही. नसेल तर स्वतः नकाशा काढून ग्रामसभेच्या ठरावासकट जोडा.

मग विचारा: भर ओहोटीला जेट्टीच्या खांबांमधून आमची होडी जाईल का? उधाणाला, वाऱ्याचा जोर असताना जाईल का? इथे वरळीचं उदाहरण पाठ करून जा. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखाली दोन खांबांमध्ये 60 मीटर ठेवले होते, कागदावर ते पुरेसेच होते. वरळीच्या कोळ्यांनी सांगितलं की प्रवाह आडवा असताना होडी सरळ रेषेत जात नाही, ढकलली जाते, खांबावर आदळेल. त्यांची मागणी जास्तीची होती. समुद्रात होड्या उभ्या करून काम रोखलं, महिनोन्‌महिने बैठका झाल्या आणि शेवटी एक खांब काढून ते अंतर 120 मीटर झालं. मुंबईच्या सगळ्यात प्रतिष्ठेच्या प्रकल्पात हे झालं. तुमच्या खाडीत होणार नाही असं का समजायचं?

रोजगाराचं आश्वासन दिलं तर किती नोकऱ्या, कुठल्या, कुणाच्या पगारावर, असं विचारा. ‘स्थानिकांना प्राधान्य’ एवढ्यावर माना डोलावू नका. आणि सरसकट ‘नको’ म्हणण्याआधी आपसात ठरवा. घारापुरीच्या लोकांना वीज मिळायला 2018 उजाडलं. आजारी माणसाला रात्री मुंबईला न्यायचं तर तिथे आजही बोटच. तशा बेटावरचा माणूस जेट्टीला नाही म्हणणार नाही. तुमच्याही गावात मासळी उतरवायला धक्का हवाच असेल. मग पर्यटनाच्या जेट्टीबरोबर मासेमारीचा धक्का आणि बर्फाची सोय त्याच प्रकल्पात, त्याच टप्प्यात मागा. दुसऱ्या टप्प्यावर कधीच कबूल होऊ नका.

सुनावणी संपताना इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोवर लोक कंटाळून उठलेले असतात आणि मंडप निम्मा रिकामा होतो. तुमच्यातल्या कुणीतरी शेवटपर्यंत बसायचंच आणि आपण बोललेलं तसंच उतरलंय का ते ऐकायचं.

शेवटचं, तारखेचं. या सुनावण्या बहुतेक कार्यालयीन दिवशी सकाळी ठेवतात. ती उधाणाच्या दिवसांत आली तर तुमच्या डोल जाळ्याच्या होड्या पाण्यात असतील आणि मंडपात फक्त जमिनीचे दलाल. सूचना निघाल्याबरोबर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण मंडळाला लेखी अर्ज द्या की सुनावणी भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना घ्यावी, आणि अर्जाला त्या महिन्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक जोडा. पोच घ्यायला विसरू नका.